लायकीचा दाखला

चवदार तळ्याची गोष्ट आपण पाण्यापासून सांगतो. २० मार्च १९२७, महाडच्या तळ्याच्या पायऱ्या, ओंजळ. त्यात चुकीचे काही नाही. पण आदल्या दिवशी परिषदेच्या मांडवात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले अध्यक्षीय भाषण काढून वाचले, की मन पाण्यावरून दुसरीकडेच जाते. त्या भाषणाचा मोठा भाग पलटण, शिक्षण आणि नोकरी यांनी व्यापलेला आहे. समोर बसलेल्या पांढऱ्या मिश्यांच्या पेन्शनरांना तो पुरता कळला असणार, कारण ती त्यांचीच कहाणी होती.

आज नोकरीतल्या राखीव जागांवर वाद सुरू झाला, की पहिल्या पाच मिनिटांत 'लायकी' हा शब्द येतोच. तेव्हाच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, सावित्रीच्या खाडीकाठी, हा शब्द कसा फिरला, कोणी कोणाकडे लायकीचा दाखला मागितला आणि शेवटी तो कोणाला देता आला नाही, त्याची ही हकिकत.

सुरुवात रावढळपासून करावी लागेल. महाड तालुक्यातल्या या गावचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले आणि पुढे काही काळ दापोलीत राहिले. दापोलीचा 'कॅम्प' ही पेन्शनर शिपायांची जुनी वस्ती. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईच्या फौजेत कोकणातल्या महारांची भरती होत आली होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत त्यांनी काय केले, ते तिथल्या स्तंभावर नावानिशी कोरलेले आहे. पलटणीने शिपायाला पगार दिला, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षर दिले. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या लष्करी शाळा होत्या. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत शिक्षक होते आणि पेन्शन घेऊन तेही दापोलीलाच आले. गावात ज्याची सावली चालत नव्हती, तो छावणीत हिशेब लिहीत होता, हुकूम वाचत होता आणि वेळप्रसंगी हुकूम देतही होता.

पलटणीचे हे दार १८९२ च्या सुमारास बंद झाले. सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत जोरात होता. उत्तरेकडच्या काही जमाती जन्मतः लढवय्या, दक्षिणेकडच्या नव्हेत, असा त्याचा मथितार्थ. महारांची भरती थांबली. कोरेगावचा स्तंभ जागच्या जागी उभा होता, त्यावरची नावे पुसली गेली नव्हती. पण त्याच नावांची नातवंडे आता शिपाई व्हायला नालायक ठरली. तीन पिढ्यांत त्यांच्या मनगटात काही फरक पडला नव्हता. बदलली होती ती भरती करणाऱ्याची व्याख्या.

वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. भरती पुन्हा सुरू करा, असे त्यात मागणे होते. पण ते पटवून देण्यासाठी त्यांनी जो मार्ग धरला तो थांबून पाहण्याजोगा आहे. आम्ही मूळचे क्षत्रिय, असा दावा त्यांनी केला. या देशातले जुने राज्यकर्ते, पुढे आर्यांनी खाली दाबलेले, अशी ती मांडणी होती. त्यांच्या संस्थेचे नावच 'अनार्य दोषपरिहार मंडळी' होते. जातीने नालायक ठरवले, तर लायकी दाखवायलाही वंशावळच काढावी लागत होती. आणि हेच वलंगकर काही वर्षांपूर्वी 'विटाळ विध्वंसन' या पुस्तिकेत शास्त्री-पंडितांपुढे सव्वीस प्रश्न टाकून विचारत होते, की अस्पृश्यता देवाने केली की माणसाने? एका हाताने जन्माचा अधिकार खोडायचा आणि दुसऱ्या हाताने जन्माचाच दाखला जोडायचा, अशा पेचात त्यांना उभे राहावे लागले. अर्ज वाचणाऱ्याला दुसरी भाषा समजत नसेल, तर अर्जदाराने काय करावे?

त्या अर्जाने भरती उघडली नाही. १८९५ मध्ये मात्र सरकारने वलंगकरांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. बोर्डावरच्या वरच्या जातींच्या सभासदांना ते रुचले नाही आणि वर्तमानपत्रांतही त्याची चर्चा झाली. खुर्ची एकच होती, तीही नेमणुकीची. तरी तालुक्याचे रस्ते, विहिरी, शाळा यांचे कागद जिथे फिरत, त्या टेबलाशी रावढळचा एक महार आला होता. १९०० साली वलंगकर वारले.

त्यांच्या मागून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी हाच धागा उचलला. १९१० साली विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे गेलेल्या अर्जात फौजेबरोबरच पोलिसांत आणि सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर जागा मागितल्या होत्या. मागणे खालच्या पायऱ्यांचेच होते, कारण वरच्या मागायला आधी शाळा लागते. मधल्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीच्यांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या राखून ठेवल्या. कोल्हापुरात राजाने सही केली आणि काम झाले. कुलाब्यात असा राजा नव्हता. इथे प्रत्येक दार वेगळे ठोठावावे लागले.

त्यातले एक दार महाडच्या इंग्रजी शाळेचे. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ चा, महाडजवळच्या लाडवलीचा. प्राथमिक शिक्षण झाल्यावर हा मुलगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला अलिबागला गेला आणि पास झाला. शिष्यवृत्ती घेऊन महाडला आला, तर शाळेत प्रवेश मिळेना. शाळेची इमारत ज्याच्या मालकीची होती, त्याची हरकत होती. मोऱ्यांनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. मुलगा घरी जाऊन रडत बसला नाही. त्याने पत्र लिहून गाऱ्हाणे बाहेर पोहोचवले, बोभाटा झाला आणि प्रवेश मिळाला. बसायची जागा मात्र वेगळी.

आजच्या वादात या मुलाला उभे करून पाहावे. परीक्षा त्याने इतरांबरोबरच दिली होती, गुण त्याचे स्वतःचे होते, कोणतीही सूट मागितली नव्हती. ज्या गुणवत्तेच्या नावाने आज वाद घातला जातो, ती त्याच्या खिशात होती आणि तरी तो दाराबाहेर होता. दापोलीतही १८९० च्या दशकात पेन्शनरांनी आपली मुले नगरपालिकेच्या शाळेत घ्या म्हणून भांडण मांडले, तेव्हा प्रश्न शाळेच्या ओटीवर येऊन थांबला होता. मुले बसायची ओटीवर आणि धडा चालायचा आत. अशा ओटीवरून ऐकून शिकलेल्याला पुढे कोणी म्हणाले, की तुझे पाठांतर कच्चे आहे, तर ते खरेही असेल. पण मग ओटीचाही हिशेब मांडावा लागतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. तो 'पाणवठ्याचा ठराव' म्हणून लक्षात राहिला. त्याचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा यांच्याबरोबर सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने हेही अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात होते. पाणी आणि कचेरी एकाच वाक्यात आली होती. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपल्या ताब्यातले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस, जातीने कायस्थ प्रभू. ठराव दप्तरात गेला, तळ्यावर कोणी गेले नाही. ठराव अमलात न आणणाऱ्या संस्थांचे अनुदान अडवावे, असा दुसरा ठराव बोल्यांना १९२६ मध्ये आणावा लागला, यावरून पहिल्याची काय गत झाली ते कळते.

तोवर शाळेच्या दाराशी अडवलेला मुलगा चोवीस वर्षांचा झाला होता. मोरे, अनंतराव चित्रे, टिपणीस, संभाजी तुकाराम गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनी १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवली. परिषदेला आलेल्यांसाठी गावातल्या स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले होते. कागदावर खुले असलेले तळे शेजारी आणि मांडवात विकतचे पाणी.

आंबेडकरांनी भाषणात दापोलीची आठवण काढली. एके काळी याच मुलखात अस्पृश्यांमध्ये शिकलेली माणसे होती, पलटणीने त्यांना वर आणले होते आणि भरती बंद झाल्यावर हे सगळे ओसरले, असे त्यांचे निदान होते. पुढचा सल्ला रोखठोक होता. मेलेले जनावर ओढणे आणि त्याचे मांस खाणे सोडा, शेतीकडे वळा, मुलांना शिकवा, सरकारी नोकरीत शिरा.

दुसऱ्या दिवशी झालेले ठराव या सल्ल्याचीच दुसरी बाजू होती. स्पृश्यांना विनंती केली होती, की अस्पृश्यांना नोकऱ्या द्याव्यात, गरीब विद्यार्थ्यांना जेवायला घालावे आणि आपापली मेलेली जनावरे आपणच पुरावीत. सरकारकडे मागितले होते ते सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, वसतिगृहांना मदत आणि बोले ठरावाची अंमलबजावणी. नोकरी द्या आणि ढोरे तुमची तुम्ही पुरा, या दोन विनंत्या एकाच यादीत कशा आल्या, हे नीट पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या एका कामासाठी एकच जात राखून ठेवलेली होती. ते काम करायला कोणी परीक्षा घेत नव्हते, त्या जागेवर दुसऱ्या कोणी हक्क सांगत नव्हते आणि त्या राखीव जागेबद्दल गावात कधी वादही झाला नव्हता. महार वतन हा याचाच सरकारी अवतार. जन्माने मिळणारी सरकारी चाकरी, चोवीस तास हुकमाला बांधलेली आणि मोबदला नावापुरता. आंबेडकरांनी पुढच्याच मार्चमध्ये, १९२८ साली, वतनाचा कायदा बदलण्यासाठी कौन्सिलात विधेयक आणले. नव्या नोकऱ्यांत जागा मागणारा माणूस जुनी वंशपरंपरागत नोकरी सोडवून मागत होता.

२० मार्चला ठराव संपल्यावर चित्रे उठले आणि म्हणाले, की आता तळ्यावर जाऊ. मिरवणूक तळ्याशी गेली, आंबेडकर पाणी प्यायले, मागोमाग इतर. त्यानंतर गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मांडवात जेवत असलेल्यांवर आणि परतीच्या वाटेला लागलेल्यांवर हल्ले झाले. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' करून घेतले आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरात सत्याग्रह ठरला. मुंबईहून निघालेली मंडळी 'पद्मावती' बोटीने हरिहरेश्वरमार्गे खाडीत शिरून २५ डिसेंबरला दासगावला उतरली. वाटेतले मोटारवाले ऐन वेळी दगा देतील, अशी भीती असल्याने धरमतरचा रस्ता टाळला होता. दासगावच्या धक्क्यावर जिल्ह्याचे अधिकारी वाट पाहत होते आणि तिथून महाडपर्यंतचे पाच मैल मंडळी पायी गेली. मांडवाला हिंदूंपैकी कोणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. त्या रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. जन्मावरून काम ठरवणारा नियम या ग्रंथात होता. नोकरीच्या वादाची मुळे खणायची तर तिथवर जावेच लागले असते. तळ्यावर मात्र या खेपेला कोणी गेले नाही. सनातनी मंडळींनी १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. भांडण स्पृश्यांशी आहे, सरकारशी नाही, म्हणून सत्याग्रह तहकूब झाला आणि तळ्याचे भांडण कोर्टात गेले.

दरम्यान सरकारी कागदांत 'मागासलेले' या शब्दाचा घोळ चालू होता. मुंबई सरकारच्या १९२५ च्या ठरावाने नोकरभरतीसाठी मागासलेल्यांची जी व्याख्या केली, तीत ब्राह्मण, प्रभू, मारवाडी, पारशी, वाणी आणि ख्रिस्ती सोडून सगळेच आले. जमीनदार मराठा आणि रोजाने राबणारा कातकरी एकाच रांगेत उभे राहिले, तर खिडकीपाशी कोण आधी पोहोचणार, हे सांगायला नको. पुढे सरकारनेच नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिच्यावर आंबेडकर सभासद होते, मार्च १९३० च्या अहवालात ही रांग तीन भागांत तोडली: दलित वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागासलेले वर्ग. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी या आजच्या तीन खणांचा आराखडा तिथे दिसतो. पोटवर्गीकरणावरून आज जो वाद चालला आहे, त्यातला मूळ प्रश्नही तोच आहे. रांग कुठे तोडायची?

आंबेडकरांनी लायकीचा प्रश्न १९३६ साली उलटा फिरवून पाहिला. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या न झालेल्या भाषणात त्यांनी सुचवले, की पुरोहितपण वंशपरंपरेने चालू नये, सरकारने परीक्षा घ्यावी आणि पास होईल त्या कोणत्याही हिंदूला सनद द्यावी. लायकी हाच निकष असेल तर तो सगळीकडे लावा, गाभाऱ्यातही. त्यानंतर अनेक दशके गुणवत्तेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही सूचना फारशी उचलून धरल्याचे दिसत नाही.

वलंगकरांच्या अर्जाला उत्तर यायला सत्तेचाळीस वर्षे लागली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली होती आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली होती. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली. संरक्षण सल्लागार समितीवर आता आंबेडकर होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि ती मोडली गेली नाही. पुढच्या वर्षी आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला आणि १९४६ मध्ये ते प्रमाण साडेबारा टक्के झाले.

'साडेबारा टक्के' म्हटले की उरण-पनवेलच्या माणसाला भलतेच आठवते. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आगरी-कोळ्यांच्या घरांत एक नवा कागद आला, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. नोकरीच्या अर्जाला तोही जोडतात. जात निराळी, काळ निराळा, पण एखाद्याचे काही आधी काढून घेतले असेल तर पुढे जागा देताना त्याची नोंद हवी, हे तत्त्व इथे कोणाला वावगे वाटत नाही. दापोलीच्या पेन्शनरांचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते. त्यांचीही एक जमीन गेली होती, तिला पलटण म्हणत.

आता तळ्याचा दावा. महाडच्या कोर्टाने ८ जून १९३१ रोजी तो फेटाळला, जानेवारी १९३३ मध्ये जिल्हा कोर्टात अपीलही फेटाळले गेले आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात आले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावली होती. तळ्यावर फक्त आमची वहिवाट आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे. कोर्टाने विचारले ते इतकेच, की याचा पुरावा?

वलंगकरांना शिपाई होण्यासाठी वंशावळ काढावी लागली होती. मोऱ्यांना परीक्षा पास होऊनही शाळेच्या दाराशी थांबावे लागले होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे दाखला मागितला जात होता तो नेहमी एकाच बाजूकडे. कोर्टात पहिल्यांदा तो दुसऱ्या बाजूकडे मागितला गेला. तळ्यावर ओंजळ भरल्याला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते. मूळ दाव्यापासून अपिलापर्यंत तीन कोर्टे झाली, आणि अनादी म्हणवणाऱ्या त्या रूढीचा दाखला वादींना शेवटपर्यंत देता आला नाही.